रोड बाइकचे पेडल निवडताना आधी बूट आणि गुडघा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांतून सायकलविषयी लिहिताना फ्रेम कशाची, गिअर किती, टायर किती रुंद यावर भरपूर मजकूर येतो. पेडलच्या वाट्याला मात्र ‘रोड बाइक असेल तर क्लिपलेस पेडल घ्या’ एवढे एक वाक्य येते. कोणते घ्यायचे, कोणत्या बुटासोबत आणि कोणी, हे कुणी सांगत नाही. नवा सायकलस्वार मग शर्यतीत दिसलेले पेडल घेतो आणि गुडघा दुखू लागला की ते काढून कपाटात ठेवतो. पेडल वाईट नसते. निवडीची सुरुवात चुकीच्या टोकाकडून झालेली असते. आधी आपण सायकलवरून किती वेळा उतरतो आणि किती चालतो हे पाहावे, मग बूट, मग क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बसून पेडलमध्ये अडकणारा तुकडा, आणि शेवटी पेडल. या क्रमाने गेले तर बहुतेक चुका टळतात.

आधी नावाचा घोळ. बूट खटकन अडकणाऱ्या पेडलला क्लिपलेस का म्हणायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलवर पिंजऱ्यासारखी टो-क्लिप असे आणि तिच्यातून ओवलेला पट्टा आवळून पाय बांधला जाई. ती टो-क्लिप गेली म्हणून हे क्लिपलेस. स्कीइंगची बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी यंत्रणा, बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये ती कल्पना सायकलवर आणली आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने हेच पेडल वापरून जिंकली. १९९० मध्ये शिमानो कंपनीने माउंटन बाइकसाठी एसपीडी हे पेडल काढले. आजही मुख्य फरक क्लीटचाच आहे. एक मोठी, प्लास्टिकची, तीन बोल्टांची. दुसरी छोटी, धातूची, दोन बोल्टांची.

तीन बोल्टांच्या घराण्यात शिमानोचे एसपीडी-एसएल, लुकचे किओ आणि टाइमची रोड पेडले येतात. पाय टेकायला जागा रुंद असते, दाब चवड्यावर पसरतो आणि उभे राहून जोर लावताना बूट डगमगत नाही. पण क्लीट तळाच्या बाहेर येते. चालताना चवडा वर उचलला जातो, टाचेवर चालावे लागते, गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो आणि प्रत्येक पावलागणिक प्लास्टिक झिजते. रबरी टोप्या मिळतात. त्या खिशात असाव्यात आणि उतरल्याबरोबर चढवाव्यात. हे पेडल एकाच बाजूने अडकते. त्याची मागची बाजू जड असल्याने ते नाक वर करून लोंबते, त्यामुळे क्लीटचे टोक आधी पुढे सरकवायचे आणि मग टाचेकडून दाबायचे, ही सवय लवकर होते. सिग्नलवर घाईघाईत पेडल उलटे फिरले की मात्र खाली पाहावे लागते.

दोन बोल्टांची क्लीट तळातल्या खाचेत बसते आणि भोवतीचे रबर जमिनीला टेकते, म्हणून साध्या बुटासारखे चालता येते. या घराण्यातली बहुतेक एसपीडी पेडले दोन्ही बाजूंनी अडकतात. वजन थोडे जास्त असते. शिमानोच्या एम५२० ची जोडी ३८० ग्रॅमची आहे, तर तीन बोल्टांच्या, ‘१०५’ श्रेणीतल्या आर७००० ची २६५ ग्रॅमची. या ११५ ग्रॅमला जाहिरातीत फार मान मिळतो, पण भरलेल्या पाण्याच्या बाटलीच्या पाव भागाहून ते जास्त नाहीत. टेकायची जागा लहान असल्याने बुटाचा तळ मऊ असेल तर तासा-दोन तासांनी चवड्याखाली एकाच ठिकाणी टोचू लागते. तळ कडक असेल तर ही तक्रार बव्हंशी राहत नाही. म्हणजे दोन बोल्टांचे पेडल घेणाऱ्याने बचत बुटात करू नये.

‘रोड बाइकला तीन बोल्टच हवेत’ हा आग्रह आम्हाला पटत नाही. रोज कामाला जाणारा, वाटेत चारदा उतरणारा, जिने चढणारा, लांबच्या राइडमध्ये नोंदीच्या ठरलेल्या ठिकाणी थांबत जाणारा सायकलस्वार दोन बोल्टांवर जास्त सुखी असतो, सायकल कितीही हलकी असो. जो तीन-तीन तास उतरत नाही, गटात वेगाने चालवतो, चढावर आणि स्प्रिंटला उभा राहतो, त्याने तीन बोल्ट जरूर घ्यावेत. एका बाजूला साधे आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असेही पेडल मिळते. साधे बूट घालून जवळ जाऊन येण्यापुरते ते सोयीचे आहे, पण निम्म्या वेळा नको ती बाजू वर येते.

स्पीडप्ले या नावाच्या पेडलची तऱ्हा वेगळी. तिथे पेडल लॉलीपॉपसारखे गोल असते, दोन्ही बाजूंनी अडकते, आणि पकडणारी स्प्रिंग पेडलमध्ये नसून क्लीटमध्ये असते. तिचे झिरो मॉडेल टाच किती अंश वळू द्यायची हे दोन बारीक स्क्रूंनी ० ते १५ अंशांपर्यंत ठरवू देते, तेही आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगवेगळे. गुडघ्याची जुनी कुरकुर असणाऱ्यांना याचा खरा उपयोग होतो. मात्र यंत्रणा बुटाखाली असल्याने माती तिच्यातच जाते. चिखलात पाय टेकला की ती साफ करणे आणि कोरडे वंगण देणे भाग आहे. क्लीट चार बोल्टांची असते. तीन बोल्टांच्या बुटाला मध्ये अॅडॉप्टर लागतो.

आता फ्लोट. निवडीतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. क्लीट अडकलेली असताना, ती सुटण्याआधी टाच जितकी डावी-उजवीकडे वळू शकते तो कोन म्हणजे फ्लोट. माणसाचा पाय पेडल फिरवताना अगदी सरळ रेषेत चालत नाही. घोटा, नडगी आणि मांडीचे हाड थोडे वळतात. टाचेला वळायला जागा नसेल तर तो पीळ गुडघ्यावर पडतो. तासाला पाच हजारांच्या आसपास फेरे होतात, तेव्हा एक-दोन अंशांची चूकही सांध्याला जाणवते.

शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळी क्लीट ६ अंशांची, निळी २ अंशांची आणि लाल ० अंशांची. लुक किओमध्ये लाल ९ अंशांची, राखाडी ४.५ ची आणि काळी ० ची. इथे एक धोका नीट लक्षात घ्यावा. लाल रंग एका कंपनीत ‘अजिबात हलू नको’ असे सांगतो आणि दुसऱ्या कंपनीत ‘सर्वांत जास्त हल’ असे. कुणीतरी ‘मी लाल वापरतो, छान आहे’ म्हणतो आणि ऐकणारा आपल्या शिमानो पेडलसाठी लाल घेऊन येतो. गुडघ्याच्या बाजूला दुखू लागते आणि कारण सापडत नाही. शिवाय दोन्ही कंपन्यांच्या क्लीट दिसायला सारख्या असल्या तरी एकमेकींच्या पेडलमध्ये चालत नाहीत. पहिल्या जोडीसाठी पिवळी शिमानो, किंवा किओची राखाडी वा लाल घ्यावी. शून्य अंशाची क्लीट ही फिटिंग करून घेतलेल्या, म्हणजे सायकल शरीराच्या मापाने जुळवून घेतलेल्या, अनेक वर्षे चालवलेल्या माणसालाच शोभते आणि त्यालाही ती लागतेच असे नाही.

एसपीडीच्या धातूच्या क्लीटमध्ये रंगापेक्षा सुटण्याची दिशा महत्त्वाची. नेहमीची काळी एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. रुपेरी एसएच५६ अनेक दिशांनी सुटते, जोराने वर ओढले तरी. शिकताना एसएच५६ आश्वस्त करते. पण उभे राहून जोर लावताना तीच अनपेक्षितपणे सुटू शकते, म्हणून सवय झाल्यावर काळीवर यावे. क्रँकब्रदर्स कंपनीच्या पेडलमध्ये पितळी क्लीट असते. चिखलात ती उत्तम सुटते, पण पितळ मऊ असल्याने लवकर झिजते.

स्प्रिंगचा ताण बहुतेक पेडलांवर अॅलन कीने (षटकोनी चावीने) कमी-जास्त होतो. सुरुवात सर्वांत सैलपासून करावी. दोन बाजूंच्या एसपीडीमध्ये प्रत्येक पेडलला दोन स्क्रू, म्हणजे एकूण चार. प्रत्येक स्क्रू आधी पूर्ण सैल करून मग ‘खट’ आवाज मोजत सारखाच आवळावा. नाहीतर एक बाजू सहज सुटते आणि उलटी बाजू अडकून बसते. स्क्रू सैल करताना तो बाहेर निघेपर्यंत फिरवू नये. लुकच्या किओ ब्लेडमध्ये मात्र स्क्रू नसतो. तिथे कार्बनची पट्टी स्प्रिंगचे काम करते आणि ताण बदलायचा तर पट्टीच बदलावी लागते. नवशिक्याने असे पेडल घेण्याआधी पट्टी कोणत्या ताणाची आहे हे विचारून घ्यावे.

क्लीट बसवण्यावर लोक पाच मिनिटे देतात. एक तास द्यायला हवा. बूट पायात घालून अंगठ्याच्या मागचे चवड्याचे उंच हाड बोटाने चाचपावे आणि बुटाच्या आतल्या बाजूवर चिकटपट्टीची खूण करावी. बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मागच्या हाडाचीही तशीच खूण करावी. करंगळीचे हाड मागे असते. पेडलच्या आसाची रेषा या दोन खुणांच्या मधून जावी, ही चांगली सुरुवात. क्लीट याच्या पुढे गेली तर पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते आणि बोटे बधिर होतात. लांब अंतरासाठी काही मिलिमीटर मागे सरकवलेली क्लीट पोटरीला आराम देते. फार मागे नेली तर पाय आखूड पडल्यासारखा होतो, आणि तेव्हा सीट थोडी खाली घ्यावी लागते.

कोन ठरवण्यासाठी उंच टेबलावर बसून गुडघे काटकोनात ठेवावेत आणि पाय मोकळे सोडावेत. पाऊल आपोआप जसे बाहेर किंवा आत वळते, तीच आपली दिशा. ते पाऊल फ्लोटच्या मधोमध यावे अशी क्लीट वळवावी. डावा आणि उजवा सारखे नसतील तर जबरदस्तीने सारखे करू नयेत. बाजूची जागा शेवटी. क्लीट अंगठ्याच्या बाजूला सरकवली की पाय क्रँकपासून, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागते त्यापासून, दूर जातो, करंगळीकडे सरकवली की जवळ येतो. क्रँक हाताने पूर्ण फिरवून टाच क्रँकला किंवा फ्रेमच्या मागच्या नळीला घासत नाही ना हे पाहावे. क्लीट सरकवून पुरेशी जागा होत नसेल तर शिमानोची काही रोड पेडले ४ मिमी जास्त लांब आसाचीही मिळतात, आणि स्पीडप्लेमध्ये आसाच्या वेगवेगळ्या लांबी आहेत. रुंद कमरेच्या किंवा पाय बाहेर वळणाऱ्या माणसाला हा फरक वाटतो त्याहून जास्त उपयोगी पडतो.

बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावावे आणि सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, शेवटी ५ ते ६ न्यूटन-मीटर. ४ मिमीची लहान अॅलन की मनगटाच्या जोराने आवळली की साधारण तेवढे होते, पण किती जोराने आवळले ते दाखवणारा टॉर्क पाना असेल तर तोच वापरावा. ग्रीस लावले नाही तर घाम आणि पावसाने बोल्ट गंजतात आणि पुढे क्लीट बदलताना डोके उडते. दहा-बारा किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत. प्लास्टिक थोडे दबते, म्हणून ते सैल होतात. बदल करायचा तर एका वेळी एकच, तोही एक-दोन मिलिमीटरचा. दुखणे आले म्हणून जागा, कोन आणि सीटची उंची एकदम बदलली की कशाने काय झाले ते कळत नाही.

सीटची उंची तर नव्या पेडलसोबत तपासलीच पाहिजे. तळ, क्लीट आणि पेडल यांची मिळून जाडी प्रत्येक जोडीत वेगळी असते. साध्या पेडलवर बरोबर असलेली सीट क्लिपलेसवर काही मिलिमीटरने कमी किंवा जास्त ठरते. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर बऱ्याचदा सीट खाली असते. मागच्या भागात ओढ बसत असेल तर वर असते. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला दुखत असेल तर आधी क्लीटचा कोन पाहावा. आठवडाभरात फरक पडला नाही तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

पेडल क्रँकवर चढवताना होणारे नुकसान महागाचे असते. आटे ९/१६ इंचाचे असतात आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वर धरून सायकलच्या पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडले घट्ट होतात, मागे फिरवला की सैल. एवढे ध्यानात ठेवले की डावे-उजवे घोकावे लागत नाही. पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत. हाताने जात नसेल तर आटे तिरपे लागले आहेत. तिथे पाना लावला की अॅल्युमिनियमचा क्रँक कापला जातो. आट्यांना ग्रीस हवेच आणि शेवटचा आवळा ३५ न्यूटन-मीटरच्या वर हवा. कार्बनच्या क्रँकसाठी कंपनीने पातळ वॉशर सांगितला असेल तर तो विसरू नये.

आता पडण्याची भीती. ती खरी आहे. जवळजवळ सगळेजण वेगात नव्हे, थांबता थांबता पडतात, कारण पाय सोडायची आठवण चाके थांबल्यावर येते. भिंतीला धरून किंवा ट्रेनरवर (सायकल जागीच चालवता येईल अशा स्टँडवर) बसून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा आणि सोडवावा. मग गवतावर. सोडताना पेडल खाली असावे, टाच बाहेर वळवावी, पाय वर ओढू नये. वर ओढण्याची धडपड हेच न सुटण्याचे सर्वांत सामान्य कारण. थांबायच्या वीस-पंचवीस मीटर आधी एक पाय मोकळा करावा आणि शरीराचा तोल त्याच बाजूला ठेवावा. उजवा सोडला आणि डावीकडे कललो तर सुटलेला पाय काही कामाचा नाही.

एक बिघाड मात्र सरावानेही सुटत नाही, म्हणून तो प्रत्येकाला माहीत हवा. दोन बोल्टांच्या क्लीटचा एक बोल्ट वाटेत गळून पडला तर टाच वळवल्यावर बूट वळतो, क्लीट जागच्या जागी राहते आणि पेडल सोडत नाही. अशा वेळी झटापट करू नये. वेग कमी करावा, दुसरा पाय मोकळा करून टेकावा, बुटाचे पट्टे सोडून पाय बुटातून काढून घ्यावा. जादा बोल्ट हँडलबारच्या टेपच्या टोकात किंवा सीटखालच्या पिशवीत ठेवायला काही लागत नाही. एसपीडी नीट अडकतच नसेल तर दोष पेडलचा नसून बुटाच्या रबरी दातांचा असू शकतो. ते पेडलला टेकत असतील तर धारदार चाकूने थोडे तासावेत किंवा क्लीटखाली पातळ चकती घालावी.

करकर आवाज आला की लोक बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस बसतो तो भाग, उघडतात. आधी क्लीटचे बोल्ट पाहावेत, मग पेडलचे आटे, मग प्लास्टिक जिथे घासते तिथे सिलिकॉनचे कोरडे वंगण लावून पाहावे. तेल लावू नये, त्यावर धूळ बसून ते पॉलिश-कागदासारखे काम करते. शिमानोच्या क्लीटच्या कोपऱ्यांवरचा रंगीत थर गेला, किंवा पाय नेहमीपेक्षा ढिला वाटून आपोआप सुटू लागला, की क्लीट बदलावी. जुनी काढण्याआधी तिच्या कडेने बारीक पेनाने रेघ मारून ठेवावी, म्हणजे नवी त्याच जागी बसते. किओच्या क्लीटमध्ये जागा लक्षात ठेवण्याची सोय असते, पण बुटातही तसे छिद्र असले तरच ती उपयोगी. पेडल हातात धरून आसावर डगमगत असेल किंवा फिरवताना खरखर लागत असेल तर बेअरिंगला ग्रीस हवे आहे. शिमानोची बहुतेक पेडले त्यासाठी उघडता येतात.

क्लिपलेसमुळे पाय वर ओढून जास्त शक्ती मिळते, हा दावा अजूनही छापला जातो. एकसारख्या वेगाने चालवताना मुद्दाम वर ओढल्याने कार्यक्षमता वाढत नाही, उलट कमी होते. खरा फायदा दुसरा आहे. भरभर पाय फिरवताना, खड्ड्यांवर, उभे राहून जोर लावताना पाय घसरत नाही आणि प्रत्येक फेऱ्याला चवडा त्याच जागी राहतो. हे ज्याला नको आहे, जो गावात आरामात वीस किलोमीटर चालवतो, त्याने चांगले पकडीचे साधे पेडल वापरावे. त्यात काही कमीपणा नाही.

पुढे पेडलमध्येच पॉवर मीटर, म्हणजे पायाची शक्ती मोजणारे यंत्र, घ्यायचा विचार असेल तर आजच क्लीट त्या दृष्टीने निवडावी. फावेरोचे असिओमा मूळ रूपात किओ पद्धतीच्या क्लीटवर चालते. गार्मिनच्या रॅलीमध्ये एसपीडी-एसएल, किओ आणि एसपीडी असे तिन्ही प्रकार आहेत.

संपादकांना एक विनंती. सायकल किंवा बूट यांच्या परिचयपर लेखांत पेडलचे वजन छापले जाते. त्यासोबत क्लीट किती बोल्टांची, फ्लोट किती अंशांचा आणि स्प्रिंग सर्वांत सैल केल्यावर ती किती हलकी सुटते, या तीन गोष्टीही छापाव्यात. दुकानात वाचक नेमके हेच विचारायला विसरतो.

आपला,
सायकल फिटिंग आणि दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक